हार्ड डिस्क टिकटिक करू लागली की आधी काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीटीपीच्या दुकानातला सहा-सात वर्षं जुना डेस्कटॉप, त्यात १ टीबीची साधी हार्ड डिस्क. आठवडाभरापासून आतून टिकटिक येतेय, विंडोज उघडायला दहा-दहा मिनिटं लागतात, कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल सेव्ह करताना मशीन मधेच हँग होतं. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात फॉरमॅट मारून बघू, भाचा म्हणतो चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासायचं साधन, चालवा. आवाज नक्की डिस्कचाच आहे का, बदलायची तर कोणती घ्यायची आणि आतलं काम कसं वाचवायचं, हे तुम्हाला हवंय.

शेवटचं आधी सांगतो. मशीन आत्ता चालू असेल तर बंद करा. फॉरमॅट नको, चेकडिस्क नको, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) नको आणि बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले छोटे कप्पे, दुरुस्त करतो म्हणणारं कुठलंही सॉफ्टवेअर नको. बिघडत चाललेल्या डिस्कवर जे वाचायचं ते एकदाच आणि ठरवून वाचायचं असतं. आज वाचता येणारी फाइल उद्या वाचता येईलच असं नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डेटा बाहेर, मग निवांत तपासणी, मग नवी डिस्क. आमच्याकडे येणाऱ्या डिस्कमध्ये ज्यांचा डेटा गेलेला असतो, त्यातल्या बऱ्याच डिस्कवर आधी कोणीतरी 'दुरुस्ती' चालवलेली असते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोन दिवस आधी आले असते तर बहुतेक सगळं निघालं असतं.

टिकटिक का होते, ते कळलं की बाकीचं आपोआप कळेल. डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरत असतात (लॅपटॉपमध्ये बहुधा ५४००). वाचणारं हेड तबकडीला टेकलेलं नसतं. फिरण्यातून तयार होणाऱ्या हवेच्या थरावर ते काही नॅनोमीटर वर तरंगतं. तबकडीवर कारखान्यातच लिहून ठेवलेल्या खुणा असतात आणि त्या वाचूनच हेडला आपण कुठे आहोत ते समजतं. हेड अशक्त झालं किंवा त्या जागेचा थर खराब झाला की खूण सापडत नाही. मग हेडची दांडी मूळ जागी परत येते आणि पुन्हा शोधायला निघते. ती टोकाला जाऊन आदळली की एक टक्. असं पुन्हा पुन्हा झालं की तुम्हाला ऐकू येते ती टिकटिक.

आता आवाजांमधले फरक. कामाच्या वेळी येणारी बारीक, अनियमित कुरकुर हा हेड इकडून तिकडे धावण्याचा नेहमीचा आवाज आहे. जुन्या डिस्कमध्ये तो मोठाही असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. लॅपटॉपची डिस्क काही सेकंद रिकामी बसली की हेड बाजूला पार्क होताना एकच 'टक्' येतो, तेही ठीक. काही मोठ्या क्षमतेच्या डिस्क काम नसतानाही ठराविक वेळाने हलका ठोका देतात, त्यांची रचनाच तशी असते. काळजीचा आवाज म्हणजे तालात येणारी टक्-टक्-टक् आणि त्याच वेळी मशीन थिजणं. चालू करताच आठ-दहा ठोके पडून डिस्क फिरायचीच थांबली तर हेड गेलं असं बहुधा समजायचं. बारीक 'बीप' किंवा गुणगुण येते पण फिरण्याची थरथर हाताला जाणवत नाही, तेव्हा मोटर अडकलेली असते किंवा हेड तबकडीला चिकटलेलं असतं. आणि करकर, म्हणजे धातू घासल्यासारखा आवाज आला तर एक सेकंदही थांबू नका, थेट वायर काढा. तिथे हेड तबकडीवर घासत असतं आणि प्रत्येक फेऱ्यात डेटाचा थर खरवडून निघत असतो.

पण आवाज पंख्याचाही असू शकतो, आणि हे तपासायला डिस्क चालवावीच लागत नाही. मशीन बंद करून मेन स्विचही बंद करा, कॅबिनेटची बाजू उघडा, डिस्कची पॉवरची आणि डेटाची अशा दोन्ही वायर काढा आणि मशीन चालू करा. 'बूट डिव्हाइस नाही' असा मेसेज येईल, येऊ दे. तरीही आवाज येत असेल तर तो प्रोसेसरच्या, ग्राफिक कार्डच्या किंवा एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पंख्याचा. आवाज गेला तर तो डिस्कचा. खात्री हवी असेल तर डिस्क जोडून फक्त अर्धा मिनिट चालू करा आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या धातूच्या कडेला लावून मूठ कानाजवळ धरा. टोक खालच्या हिरव्या सर्किटला लागू देऊ नका. पंख्याची घरघर आणि डिस्कच्या आतला ठोका यांतला फरक इतका स्पष्ट कळतो की पुन्हा शंका राहत नाही.

डिस्कवर दोष ठेवण्याआधी आणखी दोन गोष्टी पाहा. पहिली वीज. डेस्कटॉपच्या डिस्कला मोटरसाठी १२ व्होल्ट आणि सर्किटसाठी ५ व्होल्ट लागतात. जुना एसएमपीएस भारावर १२ व्होल्ट टिकवू शकला नाही तर चांगली डिस्कही फिरता फिरता थांबते, पुन्हा सुरू होते आणि टक् टक् करते. मल्टिमीटर असेल तर पिवळी वायर ११.४ ते १२.६ आणि लाल वायर ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान दिसली पाहिजे. मल्टिमीटर नसेल तर डिस्क दुसऱ्या चांगल्या मशीनच्या वायरवर लावून पाहणं पुरे. आपल्याकडे लोडशेडिंग आणि यूपीएसची मेलेली बॅटरी ही जोडी डिस्कचा जीव घेते, म्हणून हे मी नेहमी तपासतो. दुसरी गोष्ट साटा केबल, म्हणजे डिस्कची डेटाची वायर. केबल सैल असली तर मशीन अडकतं, एरर येतात, पण टिकटिक सहसा येत नाही.

आता आकडे. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवतं. वर 'गुड' किंवा 'कॉशन' असं जे मोठ्या अक्षरात येतं त्यावर थांबू नका, खालचे आकडे वाचा. रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, सुरुवातीला हेक्झाडेसिमलमध्ये (अक्षरं मिसळलेल्या आकड्यांत) दिसतात, फंक्शन मेनूत जाऊन त्या दशमान करून घ्या. पाच ओळी पुरेशा आहेत. ०५ म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर. सी६ म्हणजे वाचण्याची आशा सोडलेले. ०ए म्हणजे फिरायला सुरुवात करण्याचे फसलेले प्रयत्न. आणि सी७ म्हणजे वायरीतून डेटा येताना झालेल्या चुका. सी७ वाढत असेल तर केबल बदला. जुना आकडा पुसला जाणार नाही, पण वाढायचा थांबला की दोष केबलचाच होता. सी५ आणि सी६ शून्याच्या वर असतील तर मी त्या डिस्कवर गिऱ्हाइकाचं काम ठेवत नाही. ०५ थोडा असून महिनोन् महिने तेवढाच राहिला तर डिस्क दुय्यम कामाला चालते, पण दर आठवड्याला वाढत असेल तर तिचे दिवस भरले. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोटींच्या घरातले आकडे दिसतात. ते तसेच असतात, त्यावरून डिस्क बाद ठरवू नका.

मेकॅनिकनी सुचवलेला फॉरमॅट इतका पटणारा का वाटतो, तेही इथेच कळतं. सी५ मधल्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं की डिस्क ती जागा तपासते. जमली तर यादीतून काढते, नाही तर राखीव सेक्टर देते. पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्य लिहितो, म्हणून सी५ शून्यावर येतो, विंडोज नव्याने पळतं आणि 'डिस्क बरी झाली' असं वाटतं. बिघडलेलं हेड मात्र तेच राहतं, आणि जुना डेटा कायमचा गेलेला असतो. चेकडिस्कची तऱ्हा वेगळी. स्लॅश आर लावून चालवलं की ते डिस्कचा कानाकोपरा वाचायला लावतं आणि जिथे हिशोब जुळत नाही तिथे फोल्डरची रचना बदलतं. मग लग्नपत्रिकेची फाइल नाव हरवून 'फाउंड' नावाच्या फोल्डरात तुकड्यांत सापडते. विंडोज सुरू होताना आपणहून डिस्क तपासायला घेत असेल तर तिथे काही सेकंद मिळतात. कुठलीही कळ दाबून ते थांबवा.

स्मार्ट स्वच्छ असला म्हणजे डिस्क ठणठणीत, असंही धरू नका. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या स्मार्टमध्ये, तापमान सोडलं तर, काहीच खटकणारं नव्हतं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्कॅनमध्ये पहिला एरर आल्यानंतरच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता बिनएरर डिस्कच्या ३९ पट असते. म्हणजे आकडे वाईट असतील तर विश्वास ठेवा, चांगले असतील तर कानावर आणि मशीनच्या वागण्यावर विश्वास ठेवा.

आता डेटा. चालू केल्यापासून तालात टक् टक् येतंय आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) डिस्कचं नावही दिसत नाही, किंवा करकर येतेय, तर घरी काहीच करू नका. ती डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबचीच. तिथे धूळविरहित खोलीत, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कमधलं हेड काढून बसवतात. आधी तपासणी, मग लेखी खर्च आणि मिळणाऱ्या फाइलींची यादी, हे ठरवूनच डिस्क द्या. फ्रीजरमध्ये ठेवणं, ठोकणं, झाकण उघडणं यातलं काही करू नका. फ्रीजरमधून बाहेर काढली की आत दव धरतं. तशाच डिस्कचं हिरवं सर्किट काढून बसवणंही आजच्या डिस्कमध्ये सहसा चालत नाही, कारण सर्किटवरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची जुळणी नोंदलेली असते.

तुमची डिस्क अजून ओळखली जातेय आणि विंडोज उशिरा का होईना उघडतंय. म्हणजे संधी आहे. पण त्याच विंडोजमध्ये बसून कॉपी-पेस्ट करू नका. विंडोज मागे अपडेट, अँटिव्हायरस, इंडेक्सिंग असं बरंच काही त्याच डिस्कवर चालवत असतं. त्यात कॉपी करताना एखाद्या खराब फाइलवर अडकलं की ते तासभर तिथेच डोकं आपटत राहतं.

डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या मशीनला साटाने जोडा. सारख्याच किंवा मोठ्या क्षमतेची रिकामी डिस्क सोबत लावा. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टम) सुरू करा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. हे साधन मोफत आहे आणि याच कामासाठी लिहिलेलं आहे. पहिल्या फेरीत ते सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलं की उडी मारून पुढे जातं आणि कुठे काय राहिलं त्याची नोंद नकाशाच्या फाइलमध्ये करतं. मग मागे येऊन उरलेल्या तुकड्यांच्या कडा कुरतडत आत जातं. मधेच वीज गेली किंवा तुम्ही थांबवलं तरी नकाशावरून पुढे सुरू करता येतं, फक्त नकाशा चांगल्या डिस्कवर ठेवा. नोंदीचा पडदा पाहत बसलं की डिस्कची तब्येत समोर दिसते: वेग सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास असतो, मग एका पट्ट्यात काही केबीवर येतो, टक् टक् ऐकू येते आणि उडी मारली की वेग पुन्हा वर. पहिल्या फेरीत बहुतेक डेटा निघतो. सगळ्यात हट्टी सेक्टरसाठी शेवटी दोन-तीन फेऱ्या करा, त्याहून जास्त नको.

एक इशारा जिवाच्या आकांताने देतो. या साधनात आधी जुनी डिस्क आणि नंतर नवी असा क्रम असतो. तो उलटा झाला तर रिकामी डिस्क तुमच्या कामावर लिहिली जाते. म्हणून मॉडेल आणि सीरियल नंबर कागदावर लिहून, लेबलशी ताडून मगच एंटर दाबा. कॉपी चालू असताना डिस्क टेबलावर सपाट, न हलवता ठेवा, वर छोट्या पंख्याचा वारा असू द्या. मशीन यूपीएसवर असू द्या. हे जमणार नसेल तर जवळच्या जाणकाराला डिस्क द्या आणि 'आधी पूर्ण इमेज घ्या, मग बाकीचं' एवढं एक वाक्य सांगा (इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत). आणि विंडोजला जोडल्यावर 'डिस्क फॉरमॅट करायची का' किंवा 'इनिशियलाइझ करा' असं आलं, तर कॅन्सल.

इमेज मिळाली की पुढचं सगळं काम तिच्यावर, जुनी डिस्क बाजूला. इथे तुमच्या धंद्यातल्या काही जागा सांगतो, कारण नेमक्या त्याच राहतात. डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप सगळे घेतात, फॉन्ट विसरतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये केलेली फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. म्हणून विंडोजच्या फोल्डरातलं फॉन्ट्स अख्खं घ्या. विंडोज १० मध्ये काही फॉन्ट फक्त त्या यूजरसाठी बसतात, ते यूजरच्या ॲपडेटा फोल्डरात लपलेले असतात, तेही घ्या. टॅलीप्राइमचा डेटा सहसा सी ड्राइव्हमध्ये यूजर्सच्या पब्लिक फोल्डरात असतो, तुमच्या नावाच्या फोल्डरात नाही. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड आणि प्रिंटरचे रंगांचे प्रोफाइलही. मग फाइली उघडून बघा. न वाचलेल्या सेक्टरच्या जागी रिकामी जागा असते, म्हणून फाइलचा आकार बरोबर दिसतो पण आत अर्धं पान गायब असतं. महत्त्वाच्या पन्नास-शंभर फाइली हाताने उघडून पाहिल्याशिवाय 'डेटा आला' म्हणू नका.

नवी डिस्क निवडणं तुलनेने सोपं. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी ५०० जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर साठवणारी डिस्क), आणि जुन्या कामांसाठी वेगळी साधी हार्ड डिस्क. मशीन जुनं आहे म्हणून एसएसडी वाया जाईल, असं काही नाही. कोरल उघडताना होणारा उशीर हा छोट्या छोट्या हजारो फाइली शोधण्याचा असतो, आणि तिथेच हार्ड डिस्क मागे पडते. मदरबोर्डवर एम.२ ची (कार्डासारख्या एसएसडीची) खाच असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई (जास्त वेगाची जोडणी), ते मॅन्युअलमध्ये बघूनच कार्ड घ्या. फार स्वस्त, नाव न ऐकलेली एसएसडी घेऊ नका. नवी म्हणून मिळालेली हार्ड डिस्क लावल्यावर लगेच ०९ ची ओळ पाहा. तिथे चालू राहिल्याचे तास असतात, नव्या डिस्कचे ते शून्याच्या जवळच हवेत. हजारात असतील तर डिस्क परत करा. साध्या हार्ड डिस्कमध्ये विचारून सीएमआर (डेटाचे पट्टे वेगवेगळे लिहिणारी) घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क मोठा बॅकअप लिहिताना रांगायला लागते. एसएसडी मात्र बिघडताना आवाज करत नाही, एका सकाळी दिसेनाशी होते. शिवाय तिच्यावरून खोडलेली फाइल परत मिळणं जवळपास अशक्य असतं. म्हणून दुसऱ्या डिस्कवर रोजचा आणि दुकानाबाहेर आठवड्याचा बॅकअप हवाच.

बसवण्यात विशेष काही नाही: चार स्क्रू, अडीच इंचीसाठी ब्रॅकेट, दोन वायर. विंडोज टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवा. दुसरी डिस्क लावलेली असेल तर बूटचा भाग कधी कधी तिच्यावर जाऊन बसतो, आणि मग ती काढली की मशीन उठत नाही. मी अशा वेळी क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करत नाही, विंडोज नव्याने टाकतो. मरणाऱ्या डिस्कवरच्या सिस्टम फाइलींतही भोकं असतात आणि ती नव्या घरात न्यायची नसतात. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलल्याने सहसा अडत नाही. टॅलीचं लायसन्स मात्र नव्याने चालू करावं लागतं, त्यासाठी सीरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल हाताशी ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर थेट विंडोज ११ टाका. घरच्या लॅपटॉपवर हे काम करायची वेळ आली तर आधी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून उतरवून घ्या. ती नसेल तर डिस्क पूर्ण वाचली तरी हाती काहीच लागत नाही.

जुनी डिस्क लगेच फेकू नका. सगळं काम नव्या डिस्कवर सुरळीत चालतंय याची दोन-तीन महिने खात्री करा, तोवर तिला लेबल लावून कोरड्या जागी ठेवा. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकून कळतं, पण बदली घेताना डिस्क परत द्यावी लागते. तिच्यावर गिऱ्हाइकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, फोटो असतील. पुसता येण्याइतकी चालत असेल तर एकदा पूर्ण शून्य लिहून द्या, नाही तर मी वॉरंटीवर पाणी सोडतो. ड्रिलने तबकड्यांच्या आरपार तीन-चार भोकं पाडायची. साडेतीन इंचीत तबकड्या बहुधा ॲल्युमिनियमच्या असतात, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये मात्र काचेच्या असू शकतात आणि त्यांचे कण उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. नंतर ती डिस्क भंगारवाल्याला न देता ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.